गच्चीची किल्ली

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींच्या दारामागे खिळ्याला लटकते. टाकी धुणारा आला, केबलवाला आला, कोजागिरी आली, की ती खाली उतरते. एप्रिलमध्ये वाळवणांसाठी आठ-दहा दिवस ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मुक्कामाला असते. एरवी गच्ची आहे हेही आम्ही विसरून जातो. ठाण्याच्या पाचपाखाडीतली १९८९ सालची चार मजली इमारत, दोन विंग, बत्तीस बिऱ्हाडं. गच्ची कुणाची, असं कुणी विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, सोसायटीची. म्हणजे कुणाची, हे मात्र ठरवायची वेळ आली ती दोन वर्षांपूर्वी.

निमित्त लाइटबिलाचं. घरातल्या बिलाचं नव्हे, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप ज्या मीटरवर चालतात त्या सामाईक मीटरचं. महिन्याला अठरा-वीस हजार. खजिनदारांनी सहा महिन्यांची बिलं झेरॉक्स काढून फलकावर ओळीनं लावली आणि खाली लिहिलं, ‘सोलरबद्दल विचार करावा का?’ प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं होतं.

छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्य घर योजना २०२४च्या फेब्रुवारीत आली. तिच्या जाहिरातीत घरमालकाचे ७८ हजार तेवढे ठळक दिसतात, पण त्यात गृहनिर्माण संस्थांसाठीही तरतूद आहे: लिफ्ट, पंप, जिना अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. आमची गरज होती दहा किलोवॉटची. त्याच महिन्यात वीजग्राहकांच्या हक्कांचे नियमही बदलले आणि दहा किलोवॉटपर्यंतच्या सौरसंचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट उरली नाही. कागदावर सगळं सरळ होतं. पुढची गोष्ट मात्र कागदावरची नाही.

पहिल्या सभेला गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून सभा पुन्हा सुरू झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत विषय बुडतोय असं वाटलं. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, आधीच पावसाळ्यात आमचं छत गळतं, त्यात तुम्ही स्लॅबला भोकं पाडणार. त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल कशी उतरते हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्यामुळे ‘हे नेहमीचंच’ म्हणून कुणाला सोडून देता येईना. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, मी लिफ्ट वापरत नाही, मग माझ्याकडून वर्गणी का? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, इमारत पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाणार, तेव्हा ही पॅनेलं काय भंगारात घालायची? आणि काकू इतका वेळ गप्प होत्या, त्या उठून म्हणाल्या, “मग माझे सांडगे मी कुठे घालू?”

काही जण हसले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. बत्तीस घरांत गच्चीचा खरोखर वापर करणारं माणूस एकच होतं, आणि गच्चीबद्दल ठरवताना त्याच माणसाचा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत होता. त्या रात्री ठराव झाला नाही. झाला नाही हे फार बरं झालं.

दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं सुचवलं, आपण आधी सावली मोजू. जानेवारीतला रविवार धरला. सकाळी आठला कुलूप उघडलं आणि ती खडूचा डबा घेऊन वर गेली. टाकीची सावली, लिफ्टच्या खोलीची सावली, कठड्याची सावली. दर तासाला गच्चीवर रेघ आणि रेघेवर वेळ. नऊ, दहा, अकरा. इमारतीतली पोरं आपोआप जमली. कुणी टेप धरली, कुणी घड्याळ पाहून ओरडायला लागलं. बाराच्या सुमारास काकू ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी चपलेच्या टोकानं एक जागा दाखवली: “इथे बघ, दिवसभर ऊन असतं. कुरडया इथे एका दिवसात खडखडीत होतात.” मुलीनं तिथे गोल काढला. संध्याकाळी वहीत हिशेब मांडला तेव्हा गच्चीवरची सगळ्यात चांगली जागा तीच निघाली. काकूंना ती इतक्या वर्षांच्या वाळवणांनी ठाऊक होती.

सव्वातीन वाजता पश्चिमेकडून एक मोठी सावली आली. पलीकडच्या रस्त्यावर जुनी चाळ पाडून उभा राहिलेला टॉवर. खडूच्या रेघा ओलांडत ती सावली आमच्या गच्चीवर सरकत राहिली आणि पावणेपाचपर्यंत अर्धी गच्ची तिनं झाकली. पोरं गप्प झाली होती. टॉवर बांधताना आवाज, धूळ, पाण्याचा दाब यांबद्दल आम्ही पुष्कळ बोललो होतो. आपलं ऊनही त्यात जातंय हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी ते कुठे सांगायचं हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सभा वेगळ्या झाल्या. सगळ्यांनी एकच चित्र पाहिलं होतं. सांगाडा आठ फूट उंच करायचा म्हणजे खालून माणूस ताठ चालेल, कोजागिरीही होईल आणि पूर्वेच्या कडेला वाळवणांची जागा मोकळी राहील. सांगाडा नटबोल्टचा असेल, पुनर्विकासाच्या वेळी उतरवून नेता येईल. पायांसाठी स्लॅबला भोकं न पाडता वर काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, आणि त्याआधी चौथ्या मजल्याच्या डोक्यावरचं वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या खर्चानं. तळमजल्याच्या आजोबांना पंपाचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा हिशेब वेगळा काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि वर्गणी देतो म्हणाले. उंच सांगाड्यामुळे खर्च साडेसहा लाखांवर गेला. अनुदानाचे एक लाख ऐंशी हजार नंतर खात्यात येतात, आधी सगळे पैसे आपणच उभे करायचे असतात. म्हणून प्रत्येक घराला वीस हजारांच्या वर भरावे लागले. ज्यांना जड होतं त्यांना हप्ते करून दिले; कोणाला, हे खजिनदारांनी फलकावर लावलं नाही. हजर सत्तावीस जणांपैकी चोवीस हात वर झाले. तिघांनी विरोध केला आणि त्यांचा विरोध कारणांसकट इतिवृत्तात लिहिला.

मी या सोसायटीत सव्वीस वर्षं आहे. पार्किंग, गळती, थकबाकी, कुत्री यांवर झालेल्या सभा मोजता येणार नाहीत. त्या सगळ्यांत जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन यायचा आणि तेच घेऊन परत जायचा. इथे पहिल्यांदा असा प्रश्न आला की ज्याचं उत्तर कुणाच्याच खिशात नव्हतं. एकाला छत ठाऊक, एकाला हिशेब, एकीला सावली, एकीला ऊन. ते सगळं एकत्र ठेवल्याशिवाय गच्ची कळतच नव्हती. हवामानबदल आणि ऊर्जासंक्रमण, म्हणजे कोळशाच्या विजेकडून सूर्य-वाऱ्याच्या विजेकडे वळणं, हे शब्द मी वर्तमानपत्रात वाचत आले होते. त्यांचा लोकशाहीशी काय संबंध, हे मला त्या खडूच्या रेघांनी दाखवलं. पॅनेल विकत मिळतं. ते कुठे बसवायचं, कुणाच्या पैशानं, कुणाची जागा राखून, हे बसून बोलावंच लागतं. हे बोलणं टाळून आणलेला सोलर एक तर गळतो, नाहीतर भांडणात गंजतो.

माझं माहेर साताऱ्याकडचं, पाटण तालुक्यातलं. त्याच तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली तेव्हा भावाचा फोन आला होता, आवाजात अभिमान मावत नव्हता. मला पॅनेलांपेक्षा तिथल्या ग्रामसभेचा हेवा वाटला. गावात माणूस अठरा वर्षांचा झाला की तो ग्रामसभेचा सदस्य असतो, कुणी निवडून द्यावं लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. शाळेसमोर सतरंजी पडते आणि उठून विचारता येतं. माझे वडील विचारायचे. एकदा त्यांनी विहिरीच्या गाळाचा खर्च विचारला आणि सरपंचांना वही आणायला घरी जावं लागलं होतं. ठाण्यात येताना मी हंडे-कळशा आणल्या, वडिलांचा तो हक्क गावच्या वेशीवरच राहिला. लग्नात कुणी सांगत नाही की शहरात तुला सभा नाही.

खरं तर कायद्यात ती आहे. शहरांच्या कारभाराबद्दलची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तिनं मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. राज्यानं २००९मध्ये महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली: मतदान केंद्राच्या परिसरातले मतदार एकत्र बसतील आणि आपल्या भागात काय हवं ते सांगतील. ही शहरातली ग्रामसभाच. इतक्या वर्षांत तिची एकही सूचना आमच्या फलकावर लागलेली मी पाहिलेली नाही.

ठाण्यात नगरसेवकांची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली आणि पुढचं मतदान व्हायला २०२६चा जानेवारी उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नवी मुंबईत तर २०२०पासूनच. २०२५च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. या काळाबद्दल मला एक गोष्ट सारखी टोचते. कायद्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, झाडं, कचरा, खाडी, सगळं त्यात असतं. सभागृहच नसेल आणि आयुक्तच प्रशासक असतील तर अहवाल मांडणारे आणि तो ऐकणारे एकच. तापमान वाढत होतं, नकाशे बदलत होते, टॉवर उठत होते, आणि ‘हे आकडे असे का?’ म्हणून उठून विचारायला एकही निवडून दिलेलं माणूस नव्हतं. आता १३१ नगरसेवक आहेत, तेहतीस प्रभागांत. बहुतेक प्रभागांत चार-चार. आमच्या गल्लीतले प्रश्न चौघांपैकी कुणाकडे न्यायचे, हे लोक अजून एकमेकांना विचारतात.

विजेचं तर आणखी दूरचं. महापालिकांकडे द्यायच्या अठरा विषयांची यादी राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे. पर्यावरणाचं रक्षण तिच्यात आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. वीज नाही. वीज आहे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या अखत्यारीत. आपल्या युनिटचा दर कफ परेडला बसणारा वीज नियामक आयोग ठरवतो. म्हणजे शहरानं खांबावरचा दिवा लावायचा, त्यातली वीज कुठून आणि कशी येते यावर शहराचा शब्द नाही. तरीही एक दार उघडं आहे. दर ठरवण्याआधी आयोगाला प्रस्ताव जाहीर करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, आणि हरकत घ्यायला वकील लागत नाही. मीटर असलेलं कुणीही लिहू शकतं. आमच्या खजिनदारांनी गेल्या वेळी लिहिली, दिवसा तयार झालेली सौर युनिटं फक्त दिवसाच्याच वापरातून वजा करण्याच्या प्रश्नावर, हाताने, दोन पानं. आमचा पंप पहाटे साडेपाचला चालतो कारण पाणी तेव्हा येतं, एवढं एकच वाक्य त्यांनी तीन प्रकारे लिहिलं होतं.

याहून पुढे गेलेली माणसं जगात आहेत. जर्मनीत काळ्या जंगलाच्या डोंगरात श्योनाउ नावाचं अडीच हजार वस्तीचं गाव आहे. १९८६च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिथल्या आईबापांनी मुलांच्या काळजीनं गट केला, वीज वाचवण्यापासून सुरुवात केली आणि दोन वेळा सार्वमत जिंकून १९९७ साली गावातल्या विजेच्या तारा स्वतःच्या कंपनीकडे घेतल्या; पुढे तिची सहकारी संस्था झाली. हे वाचून माझ्या ओळखीतले लोक म्हणतात, तिकडचं वेगळं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती, शेतकऱ्यांच्या घरात आणि विहिरीवर वीज पोचवणारी, आणि ती २०११पर्यंत चालली. ती थकबाकीखाली दबली आणि परवाना गेला. ती बुडाली हे जितकं सांगितलं जातं तितकंच हेही सांगायला हवं की ती चार दशकं उभी होती. सहकार महाराष्ट्राच्या हाडीमाशी आहे. साखर, दूध, पतपेढी, आणि १९६०च्या सहकार कायद्याखाली चालणारी आमची बत्तीस घरांची सोसायटीसुद्धा. कुणाला कसं विचारायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

पण आमची गच्ची पूर्ण झाल्यावर जे माझ्यासमोर आलं, त्यानं माझा आनंद थोडा गंभीर झाला. आमच्याकडे लोकमान्यनगरातून एक मावशी कामाला येतात. पॅनेलं बसल्यावर त्यांना पाहायचं होतं, म्हणून मी किल्ली आणली. एप्रिल होता, दुपारचे अडीच. त्या सांगाड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, हात वर करून पॅनेलच्या पाठीला लावला आणि चटकन काढून घेतला. मग खाली बघून म्हणाल्या, “वर तापलंय, पण खाली फरशी गार आहे की.” थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. “ताई, आमच्या पत्र्यावर असं काही होईल का?”

त्यांची खोली दहा बाय बारा, डोक्यावर सिमेंटचा पत्रा. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर गोणपाट टाकतात आणि दिवसातून दोनदा बादली ओततात, पाणी असेल त्या दिवशी. पंखा गरम हवा फिरवतो. रात्री एकपर्यंत बायका दारात बसतात कारण आत झोपता येत नाही, आणि पहाटे पाचला नळ येतो. ठाण्याचं ऊन विदर्भासारखं आकड्यांत दिसत नाही. खाडीची दमट हवा त्यात मिसळते, घाम वाळत नाही आणि रात्र उतरतच नाही. खारघरच्या मैदानावर २०२३च्या १६ एप्रिलला माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा या किनाऱ्यावरचं ऊन काय करू शकतं ते सगळ्यांनी पाहिलं.

अहमदाबादनं २०१० सालच्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेतल्या मृत्यूंनंतर २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, म्हणजे अशा उन्हात माणसं कशी वाचवायची याची योजना, देशातली पहिली. ठाणे महापालिकेनंही २०२४ साली आपला आराखडा केला. आराखडा असणं मोठी गोष्ट आहे, मी ती लहान करत नाही. पण मावशींनी तो शब्द ऐकलेला नव्हता. ज्यांच्या छतासाठी तो आहे त्यांना छताबद्दल कुणी विचारलं तरच त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचेल. आमच्या बत्तीस घरांना तीन सभा मिळाल्या, खडू मिळाला, अनुदान मिळालं, कारण गच्ची आमच्या नावावर आहे. त्यांच्या पत्र्यावर पॅनेलचं वजन पेलणार नाही, आणि पेललं तरी खोली कागदावर कुणाची याचा घोळ पंचवीस वर्षांचा. ज्याला सगळ्यात जास्त तापतं त्याच्या हातात सगळ्यात कमी असतं. शहराचं ऊर्जासंक्रमण गच्चीवाल्यांपाशीच थांबलं, तर ते बिलाची सोय होईल, त्याहून जास्त काही नाही.

त्यांना जमण्यासारखी एक गोष्ट होती: पत्र्याला उन्हाचा पांढरा रंग. सूर्यकिरण परतवणारा हा रंग लावल्यावर खालच्या खोलीचं तापमान काही अंश तरी उतरतं. गेल्या फेब्रुवारीत आमची ती इंजिनिअरिंगची मुलगी, आता नोकरी करते, रविवारी मावशींच्या वस्तीत गेली. मीही गेले. पिंपळाच्या पारावर बायका जमल्या, पुरुष मागे उभे. मुलीनं पत्र्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि पहिला प्रश्न आला पाण्याचा, दुसरा गटाराचा. ती थांबली, दोन्ही लिहून घेतले. मग एक म्हातारी म्हणाली, पांढरा रंग लावला तर रात्री चंद्राचा उजेड घरात येईल का? कुणी हसलं नाही. पत्र्याला कुठे भोकं आहेत, कुणाचा पत्रा बदलायचा आहे, कुणाकडे बाळंतीण आहे, कोण आजारी म्हणून दुपारभर आत पडून असतं, हे बायकांनी घर घर घेऊन सांगितलं. त्यातून रंगाचा क्रम ठरला. सगळ्यात आधी आजारी माणसाचं घर, मग लहान मुलांचं. मावशींचं स्वतःचं घर यादीत सतरावं आलं आणि त्यांनी ते बदलू दिलं नाही.

अर्ज मावशींच्या पुतण्यानं लिहिला. आराखड्याचा हवाला देऊन वस्तीतल्या त्रेचाळीस पत्र्यांसाठी रंग मागितला, आणि रंगाचं काम वस्तीतल्याच मुलांना द्यावं अशी खाली एक ओळ जोडली. सह्या बावन्न, अंगठे अकरा. प्रभागातल्या चारही नगरसेवकांच्या नावे एकेक प्रत केली, एक प्रभाग कार्यालयासाठी. मावशी कामाला सुट्टी टाकून स्वतः गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा हातात पोचपावतीची प्रत होती, कोपऱ्यात निळा शिक्का, शिक्क्यात पेनानं घातलेला आवक क्रमांक आणि तारीख. तो आकडा त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. मग कागदाची चार घडी करून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातला. संध्याकाळी घरी गेल्यावर तो देव्हाऱ्यामागे ठेवणार होत्या, रेशनकार्डाशेजारी.

उत्तर अजून आलेलं नाही. त्या दर सोमवारी विचारून येतात.